करार संपल्यावर क्लब सोडला, तर ती गद्दारी का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून त्यातलं कामाचं तेवढं आधी इथे घेतो. मुलगा तेवीस वर्षांचा, फुटबॉलपटू, लेफ्ट-बॅक म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. कारेलीबागेत वाढला, गेले तीन हंगाम गुजरातबाहेरच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडे आहे. करार ३१ मे रोजी संपतो. क्लबने फेब्रुवारीतच नवा कागद पुढे केलाय: दोन वर्षं, पगार महिना ४५ हजारांवरून ६० हजार, आणि वर आणखी एक वर्ष ‘क्लबच्या मर्जीनुसार’. दुसरीकडे वरच्या श्रेणीतल्या क्लबचा निरोप एका एजंटमार्फत आलाय. १ लाख १० हजार म्हणतात, लेखी काही नाही. कोचने रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला, "आम्ही घडवला त्याला, आणि आता पाठ फिरवणार?" तेव्हापासून घरात कोणाला घास गोड लागत नाहीये. तुम्ही विचारताय: राहावं की जावं, आणि गेला तर ती गद्दारी का?

मी वकील. सव्वीस वर्षं बडोद्यात करारांचीच कामं केली, आधी सूरसागराजवळच्या न्यायमंदिरात, आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात. डीलरशिप, भागीदारी, नोकरीचे करार हा रोजचा धंदा. गेल्या बारा-तेरा वर्षांत खेळाडूही येऊ लागले, आधी क्रिकेटवाले, मग फुटबॉलवाले. त्यामुळे फुटबॉल मला मैदानापेक्षा कागदावर जास्त कळतो. कॉलेजात गोलकीपर होतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: गद्दारी नाही. ३१ मेपर्यंत त्याचे पाय क्लबचे. सरावाला उशीर नको, दुखण्याचं सोंग नको, संघातल्या गोष्टी बाहेर नकोत. १ जूनपासून पाय त्याचे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आज देता येत नाही, कारण तुमच्यासमोर दोन प्रस्ताव आहेत असं तुम्हाला वाटतंय, ते तसं नाही. तुमच्यासमोर एक कागद आहे आणि एक अफवा आहे.

तारीख संपली की खेळाडू मोकळा, हे आज सगळे गृहीत धरतात. पण १९९५ पर्यंत युरोपातही ते तसं नव्हतं. बेल्जियमच्या लिएज क्लबचा जाँ-मार्क बॉसमन १९९० साली करारातून सुटला. त्याला महिना सरासरी १ लाख २० हजार फ्रँक मिळत होते. क्लबने नव्या करारात ३० हजार देऊ केले, नियमाप्रमाणे कमीत कमी जेवढे द्यावे लागतात तेवढे. तो नाही म्हणाला. फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण लिएजला त्यांच्या पैशाची खात्री वाटेना, म्हणून त्यांनी बदलीचा दाखलाच पुढे जाऊ दिला नाही. करार संपलेला माणूस, पगार नाही, आणि तरी जाता येत नाही. पाच वर्षं भांडून १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला नव्या क्लबकडे बदलीची रक्कम मागता येणार नाही. तोवर बॉसमन एकतीस वर्षांचा झाला होता, म्हणजे खेळाच्या हिशेबाने उतरणीला लागलेला. पीक दुसऱ्यांनी कापलं.

आपल्याकडे कायदा त्याहून जुना आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल बडोद्याच्या माणसामुळे लागला, हे इथल्या फुटबॉलवाल्यांना सहसा ठाऊक नसतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. झहीर खान बडोद्याकडून रणजी खेळायचा तेव्हा, २००० साली, त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात अट अशी, की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढेच देऊ केले तर आमच्याकडेच राहा. मुदत संपली, झहीर दुसरीकडे गेला, कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीरची बाजू घेतली: करार चालू असताना बंधन घालता येतं, मुदत संपल्यानंतर ते बंधन टिकत नाही. अशा अटीला ‘प्रथम नकाराचा हक्क’ म्हणतात; तुमच्या मुलाच्या जुन्या करारात ते किंवा तत्सम काही शब्द सापडले तर घाबरून जाऊ नका. आधी तारीख बघा.

घडवल्याच्या भाषेबद्दल एक सांगतो. आमचे आजोबा दांडिया बाजारात बसून संस्थानी क्रिकेटच्या गोष्टी सांगायचे. विजय हजारे सांगलीचे, पण नाव झालं ते बडोद्याचे म्हणून. सी. के. नायडू नागपूरचे, त्यांना होळकरांनी इंदूरला नेऊन आपल्या फौजेत कप्तान केलं. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, तेव्हा दोन्हीकडचे बरेच खेळाडू कुठल्या ना कुठल्या राजाचं मीठ खात होते. खाल्ल्या मिठाला जागणं हा शब्दप्रयोग त्या व्यवस्थेला शोभायचा, कारण मीठ देणारा राजा त्यावर संपण्याची तारीख घालत नसे. तुमच्या मुलाच्या क्लबने मिठावर ३१ मे अशी तारीख स्वतःच छापली आहे.

आता नियमाचं. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले, की खेळाडू पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी सही करू शकतो. आपल्या भारतीय फुटबॉल महासंघाचे नियमही त्याच साच्यातले आहेत. म्हणजे तुमचा मुलगा डिसेंबरपासूनच मोकळेपणाने बोलू शकत होता. मात्र नव्या क्लबने बोलणी सुरू करण्याआधी सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवं. हे पत्र पुष्कळदा जात नाही, आणि पुढे वाद झाला की ‘आमचा खेळाडू फोडला’ अशी बोंब तिथूनच सुरू होते. त्या एजंटला एकच वाक्य सांगा: क्लबने पाठवलेल्या पत्राची प्रत दाखवा. पत्र निघालं तर प्रस्ताव खरा आहे. तो चार दिवस आज-उद्या करत राहिला, तर १ लाख १० हजार हा आकडा त्याच्याच डोक्यातला आहे असं समजा. तो खरा क्लबचा माणूस आहे की तुमच्या मुलाचं नाव घेऊन दहा क्लबांची दारं वाजवतोय, हे या एका पत्रावरून कळतं.

खरी मेख मला दिसते ती त्या ‘क्लबच्या मर्जीनुसार’ एका वर्षात. तुम्ही पगाराच्या आकड्यावर दोन परिच्छेद लिहिलेत आणि या अटीवर अर्धी ओळ. उलटं हवं होतं.

याबाबतीत माझंच एक पाप सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी मांजलपूरचा एक मिडफिल्डर माझ्याकडे आला होता. चौदा पानी करार, स्टेपल उलटी मारलेली, पानांवर चहाचा गोल डाग. पगार, बोनस, घरभाडं सगळं मी नीट वाचलं. मुदतवाढीची अट मागच्या परिशिष्टात ‘प्रशासकीय बाबी’ या मथळ्याखाली होती: क्लबने ३१ मार्चपर्यंत नोंदवलेल्या ईमेलवर कळवलं, तर करार त्याच पगारावर एक वर्ष वाढेल. ती ओळ मी वाचली होती, हे कबूल करतो. मी मुलाला विचारलं, "काही नोटीस आली?" तो म्हणाला, "नाही सर." मी मान डोलावली. जूनमध्ये तो नव्या क्लबच्या शिबिराला गेला आणि नोंदणी अडकली. जुन्या क्लबने २९ मार्चचा ईमेल पुढे केला. तो पत्ता त्याच्या अकादमीने तो सोळा वर्षांचा असताना उघडलेला, पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. तडजोड व्हायला चार महिने गेले, हंगाम निम्मा संपला, नव्या क्लबने तोवर दुसरा मिडफिल्डर उभा केला होता. ‘ईमेल उघडून दाखव’ एवढं मी म्हणालो असतो तर हे टळलं असतं. त्याची आई अजून दिवाळीला लीलो चिवडा पाठवते. तो मला जरा जडच जातो.

तेव्हा आज संध्याकाळी आधी हे करा: जुन्या करारात मुदतवाढीची अट आहे का ते शोधा, ती कोणत्या तारखेपर्यंत आणि कुठल्या पत्त्यावर वापरता येते ते बघा, आणि तो पत्ता मुलाच्या फोनवर उघडून घ्या. स्पॅम फोल्डरसकट.

मोठ्यांचंही याच तारखांवर अडलंय. मेस्सीच्या बार्सिलोनाबरोबरच्या करारात हंगामाच्या शेवटी फुकट निघता येईल अशी सोय होती, पण ते १० जूनपर्यंत कळवायचं होतं. २०२० साली साथीमुळे हंगामच ऑगस्टपर्यंत लांबला. त्याने ऑगस्टमध्ये नोटीस पाठवली. क्लब म्हणाला तारीख गेली, आता जायचं तर ७० कोटी युरो. तो राहिला. पुढच्या वर्षी मात्र करार संपला, त्याला राहायचं होतं, क्लबला ठेवायचं होतं, आणि लीगच्या पगारमर्यादेत बसेना म्हणून त्याला रडत जावं लागलं. दोन्हीकडे माया होती, तरी हिशेब जुळला नाही. याउलट एम्बाप्पेने पीएसजी या पॅरिसच्या क्लबबरोबरच्या करारातलं वाढीव वर्ष आपल्या हातात ठेवलं होतं. २०२३ मध्ये त्याने पत्र पाठवलं की ते वर्ष मी वापरणार नाही. क्लब चिडला, त्याला पूर्वतयारीच्या दौऱ्यावर नेलं नाही, पण २०२४ मध्ये तो बदलीच्या रकमेशिवाय रेआल माद्रिदला गेला. वाढीव वर्ष कुठल्याही करारात असू शकतं. ते कोणाच्या मर्जीवर आहे, यावर माणूस कुठे पोहोचतो ते ठरतं.

म्हणून नव्या कागदावर माझी पहिली दुरुस्ती ही असेल: तिसरं वर्ष दोघांच्या संमतीने, नाहीतर काढून टाका. क्लबला ते हवंच असेल तर त्या वर्षाचा पगार आजच लिहा, आणि तो डोळ्यांत भरेल इतका जास्त लिहा. एकतर्फी मुदतवाढीकडे फिफाचा वादनिवारण कक्षही संशयानेच बघतो, विशेषतः पगारवाढ ठरलेली नसेल तर. पण तिथवर जायची वेळच येऊ नये.

निष्ठेचं बोलायचं तर माझा अनुभव असा, की हा शब्द टेबलावर येतो तो पैसे संपल्यावर. क्लब जेव्हा म्हणतो "आपण कुटुंब आहोत", तेव्हा मी शांतपणे विचारतो, बरं, मग गुडघा गेला तर काय? उपचार कोण करणार, किती महिने पगार चालू राहणार, मुदत संपताना तो जायबंदी असेल तर काय? हे लिहून द्यायला जो क्लब तयार होतो, तिथे खरोखर माया आहे. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात दुखापतीवर एकच वाक्य आहे आणि त्यात ‘क्लबला योग्य वाटेल त्याप्रमाणे’ असं म्हटलंय. साठ हजारांवर भांडू नका, या वाक्यावर भांडा. तुमचा मुलगा लेफ्ट-बॅक आहे. हंगामभर रेघेवरून वर-खाली पळणाऱ्याचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, कधी ना कधी बोलतंच.

२०२५ ची आठवण ताजी आहे. प्रक्षेपण-व्यापारी हक्कांचा करार संपत आला आणि जुलैत आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हंगामच अधांतरी लटकला. वरच्या श्रेणीतले काही क्लबही पगार थांबवून बसले. तेव्हा ‘कुटुंबा’तल्या पोरांनी भाडं कुठून भरलं, हे कोणी विचारलं नाही. म्हणून वरच्या श्रेणीचं नाव ऐकूनही पाघळू नका. दोन्ही ठिकाणी विचारा: लीग पुढे ढकलली तर पगार चालू राहणार का? फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार मोडता येतो. हा हक्क कागदात कुठल्याही शब्दांनी कापलेला नाही ना, हे बघणं माझं काम. पगाराची तारीख आणि बँकेतल्या जमा रकमा जपून ठेवणं तुमचं.

क्लबच्या बाजूने काही डाव येतील, ते आधी ओळखून ठेवा. ‘शुक्रवारपर्यंत सही, नाहीतर प्रस्ताव मागे’ हा सगळ्यात जुना. शुक्रवार गेला की बहुतेक वेळा सोमवार येतो. दुसरा, सही न करणाऱ्याला बाकावर बसवणं. पीएसजीने आपल्या राबिओ या मिडफिल्डरला डिसेंबर २०१८ पासून हंगाम संपेपर्यंत खेळवलंच नाही. तो नंतर युव्हेंटसला फुकट गेला, पण सहा महिने वाया गेले ते गेलेच. तेविसाव्या वर्षी सहा महिने न खेळणं महाग पडतं. म्हणून ‘नाही’ असं तोंडावर मारण्यापेक्षा दर आठवड्याला एक खरी दुरुस्ती मागत राहा: दुखापत, तिसरं वर्ष, सुटकेची रक्कम (म्हणजे किती पैसे आले की क्लबने सोडायचं). बोलणी जिवंत आहेत तोवर कोच त्याला खेळवेल. यात खोटेपणा नाही, कारण त्या दुरुस्त्या मिळाल्या तर राहण्याचा विचार तुम्ही खरंच करायला हवा. मिळाल्या तरी जायचंच असेल, तर हा खेळ खेळू नका.

एक काम मात्र मरेपर्यंत करायचं नाही: दोन क्लबांच्या कागदांवर सह्या. ‘साधं इरादापत्र आहे’ म्हणून पुढे केलेल्या पानावर पगार, मुदत आणि दोन्ही सह्या असल्या, तर तो करारच धरला जाऊ शकतो. आणि करार चालू असताना बाहेर पडायचं म्हटलं तर काय होतं, ते अन्वर अलीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. मोहन बागानबरोबरचा चार वर्षांचा लोनचा (मूळ क्लबने उसना दिल्याचा) करार मोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये महासंघाच्या समितीने त्याला चार महिन्यांची बंदी घातली, आणि तो, त्याचा मूळ क्लब व नवा क्लब यांना मिळून १२ कोटी ९० लाख भरायला सांगितले. मग मामला दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि पुन्हा सुनावणीवर आला. तेवढे वकील लावायला अन्वरमागे मोठे क्लब उभे होते. तुमच्या मुलामागे तुम्ही आहात.

एजंटबद्दल थोडक्यात: फिफाचा परवाना आहे का ते तपासा, दोन वर्षांपेक्षा जास्त मुदत नको (फिफाच्या नियमात ती मर्यादाच आहे), आणि टक्केवारीची जागा कोरी असलेल्या कागदावर सही नको. मुलाला तो ‘भाई’ म्हणतो, एवढी पात्रता पुरत नाही.

राहणंही चुकीचं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पत्रात तुम्ही राहण्याला भित्रेपणा म्हणून टाकलंय. वरच्या क्लबकडे लेफ्ट-बॅकच्या जागेवर आधीच कोण आहे? त्यांचे या हंगामातले सामने काढा आणि दोन नावं लिहा. दोघंही पंचविशीतले आणि तंदुरुस्त असतील, तर तुमचा मुलगा १ लाख १० हजार घेऊन बाटल्या उचलेल, आणि दोन वर्षांनी त्याला कोणी विचारणार नाही. अशा वेळी आत्ताच्या क्लबकडे एकच वर्ष, साठ हजार, आणि वरच्या श्रेणीतून मागणी आली तर ठरावीक रकमेत सोडण्याची अट, हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा. क्लबलाही जाताना चार पैसे मिळतात. पैशापेक्षा मुदत मोठी असते हे उलट बाजूनेही खरं आहे: २०११ मध्ये मिलान पिर्लोला एकाच वर्षाची मुदत देत होतं, युव्हेंटसने तीन दिली. बत्तिसाव्या वर्षी तो फुकट गेला आणि पुढच्याच हंगामात युव्हेंटस लीगमध्ये एकही सामना न हरता विजेते झाले.

राहिला प्रश्न कोचचा. तुम्ही विचारलंय, "त्यांना मी फोन करून सांगू का?" नको. मुलाने जाऊन सांगायचं, समोर बसून, आणि बातमी फुटायच्या आत. लेवांडोवस्कीने जानेवारी २०१४ मध्येच जाहीर केलं की उन्हाळ्यात मी डॉर्टमुंड सोडून बायर्नला जाणार. उरलेला हंगाम तो डॉर्टमुंडसाठी खेळला, २० गोल करून जर्मन लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि मे महिन्यात चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच बायर्नविरुद्ध डॉर्टमुंडकडून उतरला. हे असं करता येतं. कोच रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग लेफ्ट-बॅक लागेलच म्हणून त्यालाच संघात घेतील.

शनिवारी सकाळी दोन्ही कागद घेऊन या, जुना करार परिशिष्टांसकट. मुलाला बरोबर आणा. गेल्या वेळी तुम्ही एकटेच आला होतात आणि सही त्याची लागणार आहे. आणि येताना तो ईमेलचा पासवर्ड.